छतामागचं लोखंड

आमच्या घराच्या स्लॅबमधली सळई गंजते आहे, हे मला 2016 च्या ऑगस्टमध्येच कळलं होतं. कुणी सांगून नव्हे, माझ्या हातावर पडलेल्या पुडीवरून. तरीही त्या स्लॅबखाली मी तांब्याच्या रंगाच्या, उठावदार नक्षीच्या प्लास्टिक टाइल बसवून घेतल्या. तीन वर्षांनी त्यातलीच एक टाइल फोडून काँक्रीटचा तुकडा खाली आला आणि माझ्या आईच्या मनगटावर पडला. आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात सध्या घरोघरी छतं झाकली जात आहेत. झाकणाऱ्याला मागे काय आहे हे पुष्कळदा माहीत असतं, निदान शंका तरी असते. मला माहीत होतं. म्हणून लिहितो आहे.

घर खालापूर तालुक्यात, चौक गावापासून थोडं आत. पूर्वी तिथे मंगलोरी कौलांचं घर होतं. मे महिना सरत आला की वडील शाकारणी काढत. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला टाकायची, रिपा बघायच्या, वाळवी लागलेला वासा बदलायचा, कौलं पुन्हा चढवायची. हे सगळं पहिल्या पावसाच्या आत. डोंगरातून उतरणारी माकडं वर्षभर कौलं फोडत, ते वेगळंच. वडील या कामाला कंटाळले आणि 1980 च्या दशकात, गावातल्या इतर दोन-चार घरांसारखं, त्यांनीही जुनं घर उतरवून स्लॅबचं घर बांधलं. स्लॅब टाकला त्या दिवशी मी घमेली पास करायच्या रांगेत उभा होतो. ‘आता वर बघायला नको,’ असं वडील म्हणाल्याचं मला आठवतं. आम्हा सगळ्यांनाच तेव्हा तसं वाटत होतं. शाकारणीत कौलं बदलली जात, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वर्षातून एकदा घरातल्या माणसाची नजर छताच्या प्रत्येक लाकडावरून फिरत असे. स्लॅब आला आणि ती नजर गेली. माथेरानला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याच्या पायथ्याची आमची गावंही फार मागे नाहीत. एवढा पाऊस झेलणाऱ्या छताकडे वर्षानुवर्षं बघायचं नाही, हा करार मुळातच चुकीचा होता.

स्लॅब टाकताना सळई पत्र्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक कुणी ठेवले नव्हते. मिस्त्रीने काही ठिकाणी खडीचे तुकडे सारले, बाकी जाळी सेंट्रिंगच्या पत्र्यावर जवळजवळ टेकलेली होती. 1978 च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईखाली किमान 15 मिलिमीटर काँक्रीट सांगितलेलं होतं. 2000 च्या सुधारित मानकात हा थर पावसाला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी 30 आणि सतत ओलं-सुकं होणाऱ्यासाठी 45 मिलिमीटर केला गेला. आमच्याकडे तो कित्येक ठिकाणी 10 सुद्धा नव्हता. हे मला फार पुढे, छिन्नीने काँक्रीट काढल्यावर दिसलं. पण सळई पत्र्यावर टेकलेली मी तरुणपणी डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा तिचा अर्थ कळत नव्हता, एवढंच.

नंतर मात्र अर्थ कळायला लागला, कारण माझी सगळी नोकरीच गंजाशी बांधलेली होती. खोपोलीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. वाफेच्या पाइपांवर ग्लास वूलचं लॅगिंग, म्हणजे उष्णता राखणारं वेष्टण असतं, त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा. बाहेरून पाइप वर्षानुवर्षं नवा दिसतो. पत्र्याच्या सांध्यातून पावसाचं पाणी आत शिरलं की लोकर ते धरून ठेवते आणि आतलं लोखंड झिजत जातं. लॅगिंगखालचा गंज ही जगभरच्या कारखान्यांची जुनी डोकेदुखी आहे. नव्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात शिकवायचो की, पत्रा चमकतो म्हणून पाइप चांगला असं समजायचं नाही, उघडून बघायचं. खोपोलीत टाटांच्या वीजघराचे पाइप डोंगरावरून उघडे खाली उतरतात. 1915 पासून तिथे वीज तयार होते आहे. उघड्या लोखंडाला रंग लावता येतो, जाडी मोजता येते, गळती लांबून दिसते, हे सांगताना मी पोरांना बोट करून तो डोंगर दाखवायचो. हे सगळं ज्ञान घेऊन मी रोज संध्याकाळी त्याच घरी परतत होतो, जिथल्या पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात दर श्रावणात एक तपकिरी डाग उमटत होता. दिवाळीआधी मी त्यावर डिस्टेंपरचा हात मारायचो.

टाइल मी पहिल्यांदा पाहिल्या त्या कर्जत-कशेळे रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये, नात्यातल्या लग्नात. वर सगळीकडे तांब्याचे चौकोन, प्रत्येक चौकोनात उठावाचं कमळ, कडेला वेलबुट्टी, खोबणीत मुद्दाम ठेवलेला काळसरपणा. मी खुर्चीवर चढून बोटाने वाजवून पाहिलं. पीव्हीसी होतं. मला त्या वस्तूचं खरोखर कौतुक वाटलं आणि आजही वाटतं. पीव्हीसीचा पातळ पत्रा गरम करून साच्यावर हवा शोषून बसवतात आणि वरून धातूची झाक देतात. 2 फूट बाय 2 फूट टाइलचं वजन अर्धा किलोही भरत नाही. तिला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते. थर्माकोलच्या टाइलपेक्षा ती कितीतरी बरी. थर्माकोल पेटला की वितळून थेंब थेंब गळतो, आणि चुकीचा गोंद लावला तर त्या गोंदातच विरघळतो. माझ्या बाबतीत टाइलचा दोष काहीच नव्हता.

ही नक्षी आली कुठून, ते मी बरंच नंतर वाचलं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाबून नक्षी उठवलेल्या पत्र्याची छतं घरोघरी आणि दुकानांतून लागली. नाव टिनचं असलं तरी पत्रा बहुतेक पातळ पोलादाचा असे. श्रीमंतांच्या घरातल्या प्लास्टरच्या कोरीव छताची ती स्वस्त नक्कल होती, म्हणून तिला बहुधा पांढरा रंग देत. मिसूरी राज्यातल्या नेवाडा नावाच्या गावात डब्ल्यू. एफ. नॉर्मन कंपनी 1898 पासून असे पत्रे दाबते आहे. तिकडे सिडनीत वुंडरलिख कंपनीने टाउन हॉलच्या मोठ्या सभागृहाला 1889 च्या सुमारास जस्ताच्या नक्षीदार पत्र्याचं छत बसवलं. तिथल्या प्रचंड ऑर्गनच्या कंपनांनी प्लास्टर खाली येईल अशी भीती होती. म्हणजे रिसॉर्टमध्ये मी पाहिली ती नकलेची नक्कल होती. पण दोहोंत एक फरक होता आणि मला तोच महाग पडला. पोलादी पत्र्याच्या छतामागे पाणी आलं तर पत्रा स्वतः गंजतो, रंगातून डाग फुटतो, खालच्या माणसाला खबर मिळते. पीव्हीसीवर मागून कितीही पाणी आलं तरी पुढचं तांबं तसंच राहतं.

आमच्या भागात नकलेचं काम जाणणारी माणसं आहेत. चौकजवळ 2005 साली चित्रपटांचा एन. डी. स्टुडिओ उभा राहिला तेव्हापासून आसपासच्या कितीतरी पोरांनी प्लास्टर, प्लाय आणि फायबरमधून किल्ले, महाल, देवळं उभी केली. ‘जोधा अकबर’चे महाल इथेच झाले. माझ्याकडे आलेला कारागीर त्यांतलाच, मोल्डिंगचं काम केलेला, हाताला अतिशय साफ. 2016 मध्ये 5 सप्टेंबरला गणपती होते. आमच्या घरातलं कुठलंही काम गणपतीच्या मुदतीवरच होतं. आईचं म्हणणं होतं की खोलीला नुसता चुना काढ. मला त्या वर्षी पुढची खोली सजलेली हवी होती. नोकरीतून मोकळा झाल्यावरचं ते माझं पहिलंच घरचं काम होतं आणि पाहुण्यांनी वर बघावं असं मला वाटत होतं.

टाइल सरळ स्लॅबला चिकटवायच्या नव्हत्या, टी-ग्रीडमध्ये ठेवायच्या होत्या. भिंतीला चारी बाजूंनी अँगल, मध्ये मेन टी आणि क्रॉस टी, आणि ही सगळी जाळी तारेने स्लॅबला टांगलेली. त्यासाठी स्लॅबला ठिकठिकाणी भोकं मारून अँकर फास्टनर बसवावे लागतात. कारागीर शिडीवर, मी खाली, हातात भोकाखाली धरायचं पुठ्ठ्याचं झाकण. काँक्रीटमधून राखाडी पूड येते. खिडकीकडच्या कोपऱ्यात ड्रिल लावल्यावर पूड तांबूस आली. झाकणाच्या कडेवरून थोडी माझ्या मनगटावर पडली. ती मी बोटांत चोळली. आयुष्यभर मी ती पूड बोटांत चोळत आलो होतो, मला ती अंधारातही ओळखता आली असती.

कारागिराने ड्रिलच्या मुठीने आजूबाजूला ठोकून पाहिलं. आवाज बदबद आला. तो म्हणाला, “काका, इथं पोकळ वाजतंय. आत सळई फुगलीय.”

मी म्हणालो, “चार इंच सरकव.”

त्याने भोक चार इंच सरकवलं. तिथे पूड राखाडी आली आणि फास्टनर घट्ट बसला. आम्ही पुढच्या ओळीकडे वळलो.

या जागी मी पुष्कळदा परत गेलो आहे. त्या वेळी मी स्वतःला काय सांगितलं ते मला नीट आठवतं. कोपरा जुनाच आहे, डाग जुनाच आहे, दिवाळीनंतर बघू, टाइल तर नुसत्या ठेवलेल्या आहेत, कधीही काढता येतील. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. लोखंड गंजलं की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. काँक्रीट दाब सोसतं, पण आतून बाहेर ढकललं की फुटतं. पोकळ आवाज म्हणजे ते आधीच सुटलेलं असतं, फक्त पडलेलं नसतं. हे मला पुस्तकात बघावं लागत नव्हतं. कारखान्यात एखाद्या मुलाने मला ‘चार इंच सरकवलं, साहेब’ असं सांगितलं असतं, तर मी काम थांबवलं असतं. घरात मी साहेब नव्हतो, उत्सवाचा यजमान होतो, आणि दिवस थोडे होते.

बाकीच्या चुका मामुली, पण सांगून टाकतो. खोली साधारण 16 फूट बाय 12 फूट, म्हणजे टाइल पुरत्या बसायला हव्यात असा माझा हिशेब. जुन्या घराच्या खोल्या गुनियात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतात हे मी विसरलो. खोलीच्या मध्यातून दोन्हीकडे सारखी कड सोडत जायचं असतं. मी दाराच्या भिंतीपासून पूर्ण टाइलने सुरुवात करायला लावली, त्यामुळे समोरच्या भिंतीला कमळाचा तुकडा एकीकडे अर्धा आणि दुसरीकडे पाव असा तिरका कापला गेला. ती कडही मी अगदी घट्ट बसवून घेतली. ऑगस्टमधल्या गारव्यात ते छान दिसलं. एप्रिलमध्ये स्लॅब तापला आणि कडेच्या टाइलना पोट आलं. 15 अंशांच्या फरकाने 2 फुटांची पीव्हीसी टाइल अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढते, त्याच लांबीचं लोखंड याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकंच. कापलेल्या टाइलला दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर मोकळं ठेवलं असतं तर पुरलं असतं. पंख्याचा रॉडही तोकडा पडला आणि पंखा वाढवला की जाळी खुळखुळू लागे.

पण गणपतीत सगळ्यांनी वर बघितलं. समयांच्या उजेडात ते छत सुंदर दिसत होतं.

2019 च्या जुलैत त्या छताने मला आणखी एक संधी दिली. 26 तारखेच्या रात्री आमच्याकडे पाऊस थांबेचना. त्याच पावसात उल्हास नदीला पूर आला आणि 27 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. पहाटे मी पुढच्या खोलीत आलो तर खिडकीकडच्या कोपऱ्यातली टाइल पाण्याने फुगून खाली आली होती. मी खाली बादली ठेवली आणि सुईदोऱ्यातल्या सुईने टाइलला भोक पाडलं. पाणी लालसर होतं. ते मी अंगणात ओतलं. पाऊस ओसरल्यावर ती टाइल काढून उरलेल्यांपैकी नवी बसवली. म्हणजे जुनी टाइल हातात आणि डोक्यावर दोन फुटांचा उघडा चौकोन, असा मी शिडीवर उभा होतो. बॅटरी खिशात होती. मी वर प्रकाश टाकला नाही. हे मी विसरलो नाही, टाळलं. टाकला असता तर काम काढावं लागलं असतं.

दसरा होऊन गेला होता, पाऊस संपला होता. दुपारी आई त्या खोलीतल्या पलंगावर बसून वाल निवडत होती. आवाज मी मागच्या पडवीत ऐकला. फूटभर लांब, इंचभर जाड तुकडा टाइल फोडून खाली आला होता, साडेतीन किलो भरला. डाव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. ती थोडी पुढे वाकून बसली असती तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही असं म्हणणं खरं होणार नाही.

दवाखान्यातून परतताना तिने विचारलं, “वर काय होतं रे?” मी म्हणालो, “सळई गंजली होती.” तिने विचारलं, “तुला दिसली नव्हती?” मी उत्तर दिलं नाही. हाताचं प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी तिला सगळं सांगितलं, तांबूस पूड, चार इंच, लाल पाणी. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “गणपती मागच्या खोलीतही बसला असता.”

मनगट जुळलं, पण वळेना. रायगडात तांदळाची भाकरी दोन्ही हातांवर थापतात, उकडीचं पीठ मळायलाही तळव्याचा जोर लागतो. आईचं ते काम त्या दुपारी संपलं. तोवर ती घरात सगळ्यांच्या भाकऱ्या स्वतः करत होती, ऐंशी ओलांडल्यावरही. नंतर ती चुलीपाशी बसून माझ्या बायकोला पाण्याचा अंदाज सांगायची. तिला याचं किती वाईट वाटलं ते तिने बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारायचं धाडस केलं नाही.

मग सगळ्या टाइल उतरवल्या. पनवेलहून आलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने आधी टेकू लावायला सांगितले, मगच छिन्नीला हात लावू दिला. हातोडीने सगळा स्लॅब वाजवून त्यांनी पोकळ जागांभोवती खडूने रेषा ओढल्या. खोलीचा जवळपास तिसरा हिस्सा रेषांच्या आत गेला. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढलं. 8 मिलिमीटरच्या सळ्या काही ठिकाणी निम्म्यावर आल्या होत्या, तिथे शेजारी नव्या बांधल्या. बाकीच्यांचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, जस्ताचा लेप दिला, जुन्या काँक्रीटला बाँडिंगचा हात देऊन पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचे थर चढवले. पाणी कुठून येत होतं? गच्चीवरच्या टाकीखालचा कोबा तडकला होता आणि कठड्याच्या मुळाशी भिंत व कोबा यांच्यात फट पडली होती. तो भाग उकरून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा केला, उतार पन्हळीकडे वळवला. मुदत ठेव मोडावी लागली. इंजिनीअरने मला एका कागदावर हिशेब मांडून दाखवला, 2016 मध्ये टाकीखालचा कोबा आणि तो एक कोपरा एवढंच केलं असतं, तर टाइल-ग्रीडला गेलेल्या पैशांतच ते भागलं असतं. तो कागद मी ठेवला आहे.

त्या खोलीचं छत आता उघडंच आहे. नुसता पांढरा रंग, तोही मुद्दाम स्वस्तातला, ओल झाकू न शकणारा. मेच्या शेवटी आणि पावसानंतर मी बांबूला बांधलेली लहान हातोडी घेऊन ओळीने वाजवत जातो. शेजारच्यांना त्याचा आवाज ओळखीचा झाला आहे.

चांगल्या राहिलेल्या टाइल खोक्यात भरून ठेवल्या होत्या. कडावला राहणाऱ्या माझ्या साडूंनी त्या मागितल्या, त्यांना मुलीच्या साखरपुड्याआधी हॉल करायचा होता. मी म्हणालो, देतो, पण आधी स्लॅब वाजवू द्या. बांबू घेऊन गेलो. जिन्याकडच्या बाजूला दोन ठिकाणी बदबद आवाज आला. साडू म्हणाले, “तिथून फास्टनर थोडा बाजूला घेऊ, काम थांबवायला नको.” मी त्यांना शिडीवर चढवलं, हातोडी त्यांच्या हातात दिली आणि त्यांनाच वाजवायला लावलं. मग आईच्या मनगटाचं सांगितलं. घरात बराच वाद झाला, साखरपुडा कर्जतच्या कार्यालयात झाला. खोकी त्यांच्या माळ्यावर आहेत आणि जिन्याकडचा स्लॅब सध्या टेकूंवर उभा आहे, मिस्त्री दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे.